बाहेरचं नाव

चंद्रप्रकाश तावडे हा माणूस मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही गोड लिहीन अशी कुणी आशा धरायला नको. अंधेरी एमआयडीसीतल्या मिहिरशेठच्या गाळ्यात आम्ही दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून केस पांढरे केले. लग्नपत्रिका, मंडळांची पत्रकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, निम्म्या उपनगराची सुखदुःखं आमच्या दोन कॉम्प्युटरांतून छपाईला गेली. इतकी वर्षं शेजारी बसल्यावर माणूस आतूनबाहेरून कळतो. तावडे मला कळला होता, म्हणूनच आवडत नव्हता.

त्याची सगळी मिजास फॉन्टवर होती. ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फॉन्ट म्हणजे अक्षरांचं वळण, आणि प्रत्येक वळणाची कॉम्प्युटरमध्ये एक फाइल असते. त्या फाइलीला दोन नावं असतात. एक आतलं, ते बनवणाऱ्याने दिलेलं. फॉन्ट मशीनवर बसवला की काम करताना तेच नाव समोर येतं. दुसरं बाहेरचं, नुसतं फाइलीच्या कपाळावर लिहिलेलं. ते कुणीही केव्हाही बदलावं, आतल्या नावाला त्याचा पत्ताही लागत नाही. आता आमची जुनी मराठी कामं अशी की त्यांना नेमका तोच फॉन्ट लागतो. तो नसला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि कंसांचा कचरा उमटतो, आणि गिऱ्हाईक आपल्याकडे वेड्यासारखं बघतं.

तावडेने काय केलं होतं, तर गाळ्यातल्या झाडून साऱ्या फॉन्टची बाहेरची नावं बदलून टाकली होती. ‘लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात नि ढापतात गो,’ हे त्याचं कारण. त्यानेच इकडूनतिकडून उचलून आणलेल्या हजारो फाइली त्याच्या मशीनवर, पासवर्डच्या आड, आणि कुठल्या नावाखाली कुठला फॉन्ट दडवलाय ते फक्त त्याच्या टाळक्यात. एकेक फाइल उघडून बघितली तर आतलं नाव दिसतं, पण तो उठेल तेव्हा ना. जेवायला गेला तरी मशीनला कुलूप लावून जायचा. आम्हाला फॉन्ट हवा असला की त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. “विचारा, मी देतो,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. विचारलं की मग चहा मागवायचा, पेपर चाळायचा, आणि आपल्याला घाम फुटला की मग द्यायचा. माझं तर निम्मं आयुष्य त्याच्या पाठीकडे बघण्यात गेलं.

गणपतीला तो कणकवलीकडे गावी जायचा तेव्हा गाळा अक्षरशः बंद पडायचा. यंदाही तो फोन बंद करून बसला, आणि इथे एका मंडळाचा स्वागताचा फ्लेक्स कचरा अक्षरांसकट छापून गेला. पोरं बांबू घेऊन गाळ्यात घुसली. मिहिरशेठने हात जोडून त्यांची समजूत काढली, नवा फ्लेक्स दिला, वर पेढेही वाटले. तावडे परत आल्यावर मात्र शेठ त्याला एक शब्द बोलला नाही. मिहिरशेठ चांगला माणूस आहे असं सगळे म्हणतात, कारण तो आवाज चढवत नाही. मला अशा माणसांची जास्त भीती वाटते.

त्याच सुमारास तावडेने आपल्या पोरीला, श्रुतिकाला, गाळ्यात आणून बसवली. आयटीची पदवी घेतली होती तिने, पण नोकरीचं काही जमत नव्हतं. “बसू दे शेठ, कोपऱ्यात,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “लग्न होईपर्यंत माशा मारील, आणि काय.” ती तिथेच उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मी तिला ओळखत होते. कॉलेजात असताना एकदा ती भित्तिपत्रकाच्या मथळ्यासाठी एक फॉन्ट मागायला गाळ्यात आली होती. बापाने तिलाही “विचार, मी देतो” केलं, आधी सगळ्यांना चहा करायला लावला, आणि शेवटी एक साधा फॉन्ट हातावर टेकवला. “मुलीच्या जातीला एवढा भारी कशाला?” असं म्हणून हसला. आम्हीही हसलो. तेव्हा ती काही बोलली नव्हती. न बोलणारी माणसं विसरतात असं नाही.

मिहिरशेठने तिला पंधरा दिवसांनी केबिनमध्ये बोलावलं. मी प्रूफ दाखवायला गेले होते, तर मलाही म्हणाला, “बसा ना कुंदाबेन, तुम्ही घरच्याच.”

“बेटा,” शेठ तिला म्हणाला, “तू आयटी केलंय ना? एक प्रोग्राम लिही. बाबांच्या मशीनवर फॉन्ट आहेत, नाव काय नि फाइल काय, कुणाला काय समजतच नाही. प्रोग्रामने प्रत्येक फाइलचं आतलं नाव वाचायचं, जोडी लावायची, नि खऱ्या नावाने कॉपी काढायची. होईल?”

“होईल. स्क्रिप्ट लिहायला दोन दिवस, चालवायला पाच मिनिटं,” ती म्हणाली.

“मग बाबांची खुर्ची तुझी.”

“आणि बाबा?”

“बाबांना आराम. खूप काम केलं ना.”

दुसऱ्याच्या वहाणेने विंचू मारतात हे मी ऐकलं होतं. इथे तर विंचवाच्याच घरची वहाण. मला वाटलं पोरगी रडेल, निदान उठून जाईल. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “पासवर्ड लागेल. तो बाबा कुणाला सांगत नाहीत.”

“ते तू बघ,” शेठ म्हणाला. “घरात राहतेस.”

मी तावडेला सांगायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल. मला नव्हतं वाटत, अजूनही वाटत नाही.

स्क्रिप्ट तिने दिंडोशीच्या घरी लिहिली. घरच्या कॉम्प्युटरवर तावडेने अडीअडचणीला म्हणून चार-दोन फॉन्ट ठेवले होते, त्यावर ती तपासून बघायची. हे मला कसं कळलं, तर स्वतः तावडेनेच सांगितलं. एका सकाळी तो खुशीत आला, डबा टेबलावर ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली.

“कुंदा, काल पोरीने माझ्या कामाचं काहीतरी विचारलं गो. पहिल्यांदाच.”

“काय विचारलं?”

“जुन्या फॉन्टचं आतलं नाव वाचायला गेलं की नुसती प्रश्नचिन्हं का येतात म्हणून. मी म्हटलं, बाय माझी, जुन्या फॉन्टात नाव दोनदा लिहिलेलं असतं. एक विंडोजसाठी, एक मॅकसाठी. विंडोजवालं फुटकं असलं तर मॅकवालं उचलायचं. जेवण थंड झालं पण सगळं नीट समजावून दिलं. हुशार आहे हां, एका झटक्यात कळलं तिला.”

“मग काय, तुझीच ना,” मी म्हटलं.

तो इतका खूश झाला की त्या दिवशी मी मागितलेला फॉन्ट त्याने चहाच्या आधी दिला. मला गंमत वाटली. माणूस स्वतःच्या हाताने दोर वळतो, आणि वर विचारतो, पक्का झालाय ना बघ.

राहिला पासवर्ड. तो तिला मिळाला नाही, आणि मिळवायची गरजही पडली नाही. खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनांची पूजा असते. सगळ्याच गाळ्यांत असते. सुतार पटाशी पुजतो, रिक्षावाला रिक्षा, आम्ही कॉम्प्युटर. पण तावडेची पूजा म्हणजे सोहळा. सकाळपासून ब्रशने कीबोर्डच्या फटी साफ करायचा, पडदा पुसायचा, मग पासवर्ड टाकून मशीन उघडायचं, आणि पडदाभर सरस्वतीचं चित्र लावायचं. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. आणि त्याचा एक कडक नियम होता. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत मशीनला कुणी बोट लावायचं नाही, आणि मशीन बंदही करायचं नाही, पडदा काळाही होऊ द्यायचा नाही. “देवी बसलीय, तिच्या तोंडावर अंधार करशील?” असं तो दरवर्षी मला ऐकवायचा. वर्षातले बाकी सगळे दिवस कुलपात असलेलं मशीन त्या एका दिवशी सताड उघडं असायचं, आणि राखायला फक्त हळदकुंकू. इतकी वर्षं ते पुरलंही होतं. आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण पूजेतल्या मशीनला हात लावायचा नसतो, हे आम्हालाही त्याच्याइतकंच खरं वाटत होतं.

त्या दिवशी श्रुतिका साडी नेसून आली होती. “बाबा, आरती मी करू?” तिने विचारलं. तावडेचे डोळे भरून आले. त्याने तिच्या हातात तबक दिलं आणि स्वतः बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत राहिला. आरती झाली, पेढे झाले, शेठने सगळ्यांना लवकर सोडलं. तावडे दिंडोशीला मंडळाच्या हळदीकुंकवाची तयारी बघायला निघाला. “मी कुंदामावशीबरोबर येते,” श्रुतिका त्याला म्हणाली. तो गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, “मावशी, थांबाल ना? शेठ केबिनमध्ये आहेत, एकटी नको.”

मी थांबले. मला बघायचंच होतं.

तिने चपला काढल्या, मशीनला नमस्कार केला, हार जरासा बाजूला सारला आणि पेनड्राइव्ह लावला. कीबोर्डवरचं कुंकू तिच्या बोटांना लागलं ते तिने पदराला पुसलं. पुढच्याच क्षणी सरस्वतीच्या तोंडावर एक काळी चौकट उघडली आणि तीत ओळी पळायला लागल्या. मध्येच एकदा अडकली, प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. तिने स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली, बापाने जेवणाच्या ताटावर समजावलेली असणार, आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

डावीकडे तावडेने ठेवलेलं नाव, उजवीकडे फॉन्टचं खरं नाव. आता माझ्या लक्षात आलं की गड्याने नावं ठेवायला काही डोकंबिकं चालवलेलं नव्हतं. तोंडाला येईल ते ठोकलं होतं. खारेपाटण, तळेरे, कासार्डे, नांदगाव, गावच्या एसटीचे थांबे ओळीने. मग आंबोळी, घावणे, कुळीथ. डॉक्टर, न्हावी, वायरमन. दादूमामा, नंदूभाऊजी, प्रेमाकाकी.

“टायगर कोण गं?” मी विचारलं. टायगर चार वेळा आला होता.

“शेजाऱ्यांचा कुत्रा. मेला आता.”

सुगंधा एकदा दिसली, म्हणजे त्याची बायको. मी पण होते. जाडजूड काळाकुट्ट फॉन्ट, दुकानांच्या सेलच्या पाट्यांना वापरतात तो, त्याच्यावर ‘कुंदा’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला इतकी वर्षं शेजारी बसून मला हे समजत होता.

श्रुतिका हसली नाही. पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, “मावशी, एक सांगू? माझं नाव असलं ना, तर मी शेठला हे देणार नाही. सांगेन, जमलं नाही. राहू देत बाबांची खुर्ची.”

“आणि नसलं तर?”

ती पडद्यावरच्या ओळी वाचत राहिली. मला एकाएकी बसवेना. इतका वेळ मी तमाशा बघत होते, आता उठून तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. इतक्या हजारांत पोटच्या पोरीचं नाव असणारच की. कुत्र्याचं चार वेळा असतं, तर पोरीचं चाळीस वेळा असेल. मला तर खात्रीच वाटली, आणि खरं सांगते, थोडी निराशाही झाली, की हा आता सुटणार.

ओळी थांबल्या. तिने शोधायच्या चौकटीत आपलं नाव टाकलं. श्रुतिका. काही नाही. श्रुती. काही नाही. घरात तिला चिमी म्हणतात, ते टाकून बघितलं. लाडात असला की तावडे ‘बाय’ म्हणतो, तेही टाकलं. तेही नव्हतं. मग तिने शोधणं सोडून दिलं आणि पहिल्या ओळीपासून डोळ्यांनी वाचायला घेतलं. खूप वेळ वाचत होती. केबिनमधून शेठने एकदा मान बाहेर काढली, मी त्याला हाताने थांब म्हटलं.

शेवटी तिने पेनड्राइव्ह काढला, काळी चौकट मिटली, हार होता तसा केला. सरस्वती पुन्हा पडदाभर बसली. केबिनचं दार वाजवून ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. “चला मावशी,” म्हणाली.

सोमवारी मिहिरशेठ केबिनमध्ये बसलाच नाही, आमच्यात येऊन खुर्ची टाकून बसला. एक गिऱ्हाईक थोरल्या मुलाची जुनी पत्रिका घेऊन आलं होतं, धाकट्यासाठी अगदी तश्शीच अक्षरं हवी होती.

“तावडेभाऊ, हा फॉन्ट काढा ना,” शेठ म्हणाला.

“विचारलंत ना शेठ? मग देतो. चहा येऊ दे.”

“सर, लावला,” कोपऱ्यातून श्रुतिका म्हणाली.

तावडेने मान वळवली. तिच्या पडद्यावर पत्रिका दिसत होती, अक्षरं तश्शीच. त्याला वाटलं घरच्या कॉम्प्युटरवरचा एखादा असेल. “अरे वा,” म्हणाला. शेठने दुसरं काम पुढे केलं, एका सोसायटीच्या पाटीचं. तावडेने पासवर्ड टाकायला हात उचलला आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “सर, झालं.” तिसऱ्या वेळी त्याने कपातला चहा खाली ठेवला. चौथ्या वेळी शेठ फॉन्टचं नाव पुरतं बोललाही नव्हता. गाळ्यातली सगळी माणसं कामं सोडून बघत होती. शेठ मधूनमधून मान डोलवत होता, बैठकीला गाणं ऐकायला बसल्यासारखा. अशी शंभर कामं त्याने त्या दिवशी काढली असती. सहाव्याला तावडे उठला आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिला. इतकी वर्षं आम्ही त्याच्या मागे उभे राहायचो तसा.

तिच्या पडद्यावर सगळ्या फाइली होत्या, आपापल्या खऱ्या नावाने, एकाखाली एक.

“कुणी केलं हे?”

“मी.”

“माझं मशीन उघडलंस कसं?”

“मी नाही उघडलं, बाबा. तुम्हीच उघडून दिलंत. नवमीला, सरस्वती लावून.”

त्याला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने पहिल्यांदा कुणाकडे बघितलं असेल, तर आपल्या मशीनकडे. हार वाळून तसाच लोंबत होता. “पूजेतलं मशीन?” तो म्हणाला. “देवीसमोर?” त्याला चोरीपेक्षा त्याचंच जास्त लागलेलं दिसत होतं.

“तावडेभाऊ,” शेठ गोडपणे म्हणाला, “खूप सेवा केलीत. आता दिवाळीपासून आराम करा. पोरीला बसू द्या तुमच्या खुर्चीवर. घरातली खुर्ची घरातच राहिली की नाही?”

शेरास सव्वाशेर भेटला, सगळ्यांच्या मनात तेच होतं. माझ्या तर होतंच. मला आनंद झाला का? झाला, खोटं कशाला बोलू. तावडेने शेठसमोर हात जोडले. “मग माझे फॉन्ट तरी द्या, शेठ,” तो म्हणाला. “जन्म गेला जमवण्यात. घरी बसून चार पत्रिका तरी करीन.” आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाकडे काही मागत होता.

“अरे, का नाही? श्रुतिका, बाबांना सगळ्यांची कॉपी दे बेटा.”

ती उठली. बापाच्या समोर उभी राहिली. “देते. आधी एक विचारू का, बाबा?”

“काय?”

“एवढ्या फाइलींना नावं ठेवलीत. एसटीचे थांबे झाले, आंबोळ्या झाल्या, वायरमन झाला. टायगरचं नाव चार वेळा आहे. कुंदामावशींचंसुद्धा आहे. माझं एकदाही का नाही?”

तावडे विचार करायला लागला. खरोखरच विचार करायला लागला, कपाळाला आठ्या घालून, हिशोब लागत नसल्यासारखा. अरे, खोटं तरी बोल! तुझं नाव असल्या चोरीच्या मालाला द्यायचं नव्हतं म्हण, तुझं नाव कुणीही ओळखलं असतं म्हण, काहीही म्हण, ती त्याच्यावरही विरघळेल, मी मनातल्या मनात ओरडत होते. ज्या माणसाचं मला तोंड बघवत नव्हतं त्याच्यासाठी मी ओरडत होते.

“सुचूक नाय गो,” तो म्हणाला.

शेठनेसुद्धा मान खाली घातली आणि मोबाइल काढला. श्रुतिका “बरं” म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

तिने तीच स्क्रिप्ट उघडली आणि शेवटच्या दोन ओळी बदलल्या. मी मागे जाऊन उभी राहिले, तिने मला हटकलं नाही. फाइली भराभर पेनड्राइव्हमध्ये जायला लागल्या, पण खऱ्या नावांनी नाही. प्रत्येकीवर एकच नाव, आणि पुढे आकडा. श्रुतिका एक, श्रुतिका दोन, श्रुतिका तीन. एसटीचे थांबे, आंबोळ्या, टायगर, मी, सगळ्यांवर तेच. हजारो झाल्या. तोवर शेठच्या माणसाने तावडेचं जुनं मशीन पुसून कोरं करायला घेतलं होतं.

“हे काय करतेस?” मी हळूच विचारलं.

“आता सुचेल,” ती म्हणाली.

संध्याकाळी तिने पेनड्राइव्ह बापाच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून चापून बघितला. दिवाळीपर्यंत तो रोज येऊन कोपऱ्यात बसत होता, माशा मारीत. तिने त्याच्या खुर्चीची उंची कमी करून घेतली. मला काही हवं असलं तर ती मी विचारायच्या आत देते हो, अजूनही देते. त्या बाबतीत तिच्याबद्दल तक्रार नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर मी फराळाचा डबा घेऊन दिंडोशीला त्यांच्या घरी गेले. बघायला गेले होते, डबा नावाला. सुगंधाने दार उघडलं. तावडे खिडकीजवळ कॉम्प्युटरसमोर बसला होता, दाढी वाढलेली. त्याला घरचं पहिलं काम मिळालं होतं, खालच्या मजल्यावरच्यांच्या नातवाच्या बारशाची पत्रिका. त्यांना पाळण्याच्या चित्राला शोभेलसा गोल वळणाचा फॉन्ट हवा होता, आणि तो तावडेच्या डोळ्यांसमोर होता, फक्त फाइल सापडत नव्हती. तो एक फाइल उघडायचा, बघायचा, मिटायचा, पुढची उघडायचा. पडदाभर पोरीचं नाव.

“कधीपासून बसलाय?” मी सुगंधाला विचारलं.

“काल जेवला तेव्हापासून. संध्याकाळी पत्रिका द्यायची आहे. त्यांचे तीन फोन येऊन गेले.”

“अरे, मग पोरीला सांग ना,” मी त्याला म्हटलं. “स्क्रिप्ट आहे तिच्याकडे. दोन मिनिटांत लावून देईल.”

“विचारू? तिला?” त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही भलतं बोलले. आणि पुढची फाइल उघडली.

तेवढ्यात श्रुतिका कामावरून आली. पाय धुतले, माझ्याशी दोन शब्द बोलली, कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात टेकून चहा प्यायला लागली. बापाच्या पाठीकडे बघत होती. खालून पुन्हा फोन आला. सुगंधाने “होतंय, होतंय” करून ठेवला. तावडेचा हात माउसवर थांबला. बराच वेळ त्याने काही उघडलं नाही. मग त्याने मान न वळवता हाक मारली, अगदी हलक्या आवाजात, मी ती कधी त्याच्या तोंडून ऐकली नव्हती.

“श्रुतिका...”

“कितवी?” ती म्हणाली.

मला वाटलं आता तरी तो वळेल. त्याने डोळे बारीक केले, पडद्याजवळ वाकून आकडा वाचला.

“दोन हजार दोनशे सव्वीस झाली,” तो म्हणाला. “पुढे कुठली बघू गो?”

तिने कप मोरीत ठेवला. सुगंधाने तिच्याकडे बघितलं, मी बघितलं, पण तिने आमच्यापैकी कुणाकडे बघितलं नाही.

“बघत बसा,” ती म्हणाली, आणि तो खरंच बघत बसला.